राणीसावरगावात मी थांबले नाही

सायकलीची चाकं काढून ती पिशवीत भरायला घेतली तेव्हाच नवरा म्हणाला, "पुन्हा परभणी?"

पुन्हाच. ट्रायथलॉन म्हटलं की लोक समुद्रकिनारे शोधतात, मी गंगाखेडला जाते. तिकडच्या काही हौशी मंडळींनी सुरू केलेली ही स्पर्धा आहे. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मधे टेकायचं नाही. बक्षीस वगैरे काही नसतं. आपली वेळ आपण मोडायची एवढंच.

गेल्या वर्षीची माझी वेळ चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती, आणि त्याचं खापर मी मामांच्या चहावर फोडून मोकळी झाले होते. सायकलीचा रस्ता राणीसावरगावातून जातो. ते माझं आजोळ. मामांनी हात केला, मी उतरले, एक चहा झाला, दुसरा झाला, शेजारीपाजारी मला बघून गेले आणि वेळ बोंबलली. पुण्यातल्या माझ्या पळणाऱ्या मैत्रिणींना हा किस्सा मी इतक्यांदा रंगवून सांगितला की माझे पायच कमी पडले होते हे मीसुद्धा विसरले. यंदा मात्र कुरकुरणाऱ्या गुडघ्याला दटावून वर्षभर सराव केला होता. पुढच्या वर्षी तो ऐकेल याची खात्री नव्हती, म्हणून जे करायचं ते याच वेळी.

पुण्याहून रेल्वेने परभणी गाठावं. सायकलीची पिशवी बाकाखाली मावत नाही, दाराजवळ ठेवावी लागते आणि येणारा-जाणारा तिला एकदा चाचपून बघतो. परभणीत स्टेशनबाहेर गरम पोहे मिळतात, ते खाऊनच पुढे निघा. गंगाखेडलाही रेल्वे जाते, पण वेळ जुळली नाही म्हणून मी जीप धरली. पिशवी टपावर चढवताना जीपवाला म्हणाला, "ताई, ह्याच्यात काय हाय?"

"सायकल."

"मंग तिच्यावरच बसून का न्हाई जायलात?"

सायकलीचं भाडं त्याने वेगळं घेतलंच.

गंगाखेडहून राणीसावरगावचा रस्ता एकंदरीत बरा आहे, मधे काही ठिकाणी खडी उघडी पडलीय. जाल तर थंडीतच जा. दोन्हीकडे ज्वारी उभी असते आणि हवा सायकलीला मानवते. फक्त उसाच्या ट्रॅक्टरांना जपा. मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि शेवटची कधी संपते ते कळत नाही.

मामा वाट बघत फाट्यावरच उभे होते, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. घरी मामीने भाकरी, वांग्याची भाजी आणि लसणाची चटणी वाढली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिखट खायचं नाही हा नियम मी दुसऱ्या घासाला मोडला.

"गेल्या साली तशीच गेलीस," मामी म्हणाली. "आजोळाहून लेक रिकाम्या ओटीनं जाती का? उद्या इथूनच जायलीस तर दोन मिंटं थांब. रस्त्यावरच ओटी भरते."

"मामी, त्या कपड्यांना पदर नसतो. ओटी घेऊ कशात?"

"वढणी आनून ठेवते मी. तू निस्ती पाटावर उभी ऱ्हा."

"गल्लीतल्या बाया येणार हायत," मामा म्हणाले. "सांगून ठेवलंय मी, आमची भाची थांबती म्हनून."

मी "बघू" म्हटलं. बघू म्हणजे नाही हे पुण्यात सगळ्यांना कळतं. तिथे ते हो असं धरलं गेलं.

सकाळी शेजारच्या टेम्पोने गंगाखेडला गेले, सामान मामांकडेच ठेवलं. पोहणं झकास झालं. पाणी इतकं गार होतं की लवकर बाहेर यावंसं वाटलं, हेही कारण असेल. सायकलवर बसले तर पाय हलके. गावाजवळ आले तेव्हा घड्याळ माझ्या बाजूने होतं. मारुतीच्या पारापाशी डांबरी रस्त्याच्या कडेला पाट मांडलेला, भोवती रांगोळी, सात-आठ बायका आणि मधे ताट घेतलेली मामी. मामा तर रस्त्यातच येऊन हात हलवत होते.

"येताना!" मी ओरडले. "येताना थांबते, मामी!"

त्या क्षणी मी खरंच थांबणार होते, असं मला अजून वाटतं. पुढे वळणाच्या खुणेला वळसा घातला, घड्याळ बघितलं आणि मनात हिशेब सुरू झाला. थांबले तर गेली वेळ.

परत आले तेव्हा पारापाशी बायका तशाच उभ्या होत्या. ऊन चढलं होतं म्हणून डोक्यावर पदर घेतलेले. मामीच्या खांद्यावर माझ्यासाठी आणलेली ओढणी होती. मला बघून तिने ताट एका हातावर पेललं, दुसऱ्या हातात खण-नारळ घेतला आणि एक पाऊल पुढे आली. मी मान खाली घातली, गिअर बदलला आणि पलीकडच्या बाजूने निघून गेले. मागून कोणीतरी "अगं, थांब की!" म्हणालं.

पळताना मला काही आठवलं नाही, हे सगळ्यांत वाईट. गेल्या वर्षीची वेळ मोडली. चांगली घसघशीत मोडली. फोटो काढले, केळी खाल्ली, पुण्याला निरोप धाडले. मग टेम्पोत बसले, आणि सामान राणीसावरगावात आहे हे तेव्हा कुठे आठवलं.

मामांच्या दारात गल्ली जमली होती. मी तोंड उघडायच्या आत एक आजोबा म्हणाले, "लय वाचलीस, माय! बिरेक गेलते म्हन की?"

मी मामांकडे बघितलं. मामा टेम्पोतली सायकल उतरवण्यात गुंतले होते.

"तुजे मामा सांगायलेत," शेजारची बाई म्हणाली. "बिरेक लागंनात म्हनून थांबता आलं न्हाई पोरीला. आमी उगंच बोल लावायलो होतो."

खरं सांगावं तर मामा गल्लीसमोर खोटे पडणार. मला चुलत-मावस सगळ्यांनी काळजीने सल्ले दिले, सायकलवाल्याला शिव्या दिल्या, आणि मी मान डोलावत होते.

सायकल उन्हात होती म्हणून मामी ती पडवीत न्यायला लागली. उंबऱ्याच्या उताराला सायकल पुढे निघाली तशी तिने ब्रेकवरच्या मुठी आवळल्या. सायकल जागच्या जागी थांबली. मामीने मुठी सोडल्या, पुन्हा आवळल्या. मग तिने मामांकडे बघितलं आणि मामांनी नजर खाली केली.

जमीन दुभंगावी असं मला वाटत होतं. मामी आत गेली, पाट घेऊन आली.

"उभी ऱ्हा."

तीच ओढणी तिने माझ्या खांद्यावर टाकली. मी पुढे धरलेल्या ओच्यात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड पडत गेलं. बायका कौतुकाने बघत होत्या. मामी एकदाही माझ्या डोळ्यांत बघेना. शेवटी हलक्या आवाजात म्हणाली, "वेळ घावली का तुला, पाहिजे तसली?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

घरी येऊन आठवडा झाला. मैत्रिणींनी माझी वेळ ऐकून पार्टी मागितली, मी दिली. नारळ अजून देवापाशी तसाच आहे, फोडवत नाही. सराव बंद नाही, पण सायकलीच्या ब्रेकवर हात गेला की मान आपोआप खाली जाते.

काल मामांचा फोन आला. मागे हॉटेलातला गलका. मामा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय गं, नवे बिरेक बसवले का?"

"बसवले, मामा."

मग ते बाजूला गेले असावेत, गलका कमी झाला.

"मामी म्हनायलीय," ते म्हणाले, "फुडच्या साली ओटी आदल्या दिशीच भरू. म्हंजी तुला थांबायचं काम न्हाई."