या खेपेला टाका नको

"चाक एसटीनं नाशिकला येऊन परत पुण्याला पोचेपर्यंत मी काय लंगडी घालू?" संजना बापावर ओरडत होती. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. कान देऊन ऐकलं म्हणा हवं तर.

"घाल लंगडी, पण टायर शिवलेलाच," नाथा म्हणाला. "हलका पळतो."

"पप्पा, साध्या टायरची ट्यूब मी रस्त्यात बसून बदलेन. हा फुटला की तुमच्याकडेच धाडावा लागतो."

"मग धाड की! मी काय मेलोय?"

नाथा हा इंदिरानगरातला आमचा शेजारी, सायकलवाला. आईविना पोरगी वाढवली. ती सायकलच्या शर्यतीत पळू लागली आणि सरावासाठी पुण्याला राहिली. त्या शर्यतीच्या टायरची तऱ्हाच न्यारी. ट्यूब पोटात घालून पोट शिवलेलं, आणि अख्खा टायर रिमला गोंदानं चिकटवलेला. पंक्चर काढायचं तर उसवा, ठिगळ लावा, पुन्हा शिवा. नाथाचं शिवणं म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. म्हणून टायर माझ्याकडे यायचा. "आक्का, तुमचा गोधडीचा टाका घाला." मी शिकले दुसरीपर्यंत, पण माझा टाका पुण्याच्या रस्त्यावर मोटारींच्या बरोबरीनं पळाला.

भांडणात बापच जिंकला. पंक्चर झालं की चाक पार्सलनं यायचं आणि मागोमाग पोरीचा फोन, "पप्पा, पोचलं का?" मग दोघं किती वेळ बोलत बसायचे. साध्या टायरनं कुठला आलाय फोन! हे नाथाला पक्कं ठाऊक होतं.

पुढं त्याचं काळीज थकलं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. शर्यत तोंडावर आहे, पोरीला कळू देऊ नका, अशी त्यानं मला शपथ घातली. हात असे थरथरायचे की गोंद रिमवर कमी अन् लुंगीवर जास्त.

एकदा तो दोन नवी चाकं घेऊन दारात आला. मी आपली सवयीनं सुईत दोरा ओवायला घेतला.

"आक्का, या खेपेला टाका नको. साधे टायर बसवलेत."

"म्हणजे हरलास म्हण की!"

"हरलो." तो हसला. "मी नसल्यावर पोर चाक कुणाकडे धाडंल?"

माझ्या हातातला दोरा त्यानं घेतला आणि रिळाला नीट गुंडाळून ठेवला.

महिना भरायच्या आत तो गेला. पण ती चाकं धाडली त्या दिवशी मी रिक्षात त्याच्यासोबत स्टँडवर गेले होते. चाकं गोणपाटात बांधायच्या आधी त्यानं टायर अंगठ्यानं दाबून पाहिले, तारा छेडून आवाज ऐकला. पार्सलवाल्याला नेहमीसारखंच म्हणाला, "जपून रे, पोरीची चाकं आहेत." पुण्याची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत उभा राहिला. मग फोन लावला.

"निघाली गं चाकं. पोचली की कळव."