मॅडमसमोर बोलायची तालीम

आमच्या क्लिनिकलच्या मॅडमच्या हातात जादू होती, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून वाटेल की त्या नुसत्याच वाईट होत्या. म्हाताऱ्या बाईच्या सुकलेल्या हातावर जी शीर शोधताना बाकीचे दमून जायचे, ती शीर मॅडम एका बोटाने चाचपून काढायच्या. सुई आत गेलेली पेशंटला कळायचीसुद्धा नाही. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला अगदी तसंच यायला हवं होतं. सगळी अडचण त्यांच्या जिभेची होती.

आमच्या ग्रुपची पोस्टिंग उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात होती. मी अंबरनाथकडच्या चामटोली गावची. घरी आम्ही आगरी बोलतो आणि कॉलेजात मी सांभाळून, शब्द निवडून बोलायचे. पहिल्याच आठवड्यात बारवी धरणाकडच्या एका वाडीवरची आजी दाखल झाली. इतकी भेदरलेली, की पलंगावर नीट टेकतही नव्हती. मॅडम म्हणाल्या, "हिचं बीपी घे." आजीचा चेहरा बघून माझ्या तोंडून 'कोणत्या'ऐवजी घरचंच निघालं, "आजी, कनच्या हाताला सलाईन हाय?"

आजीने लगेच सलाईन नसलेला हात पुढे केला. पण मागून मॅडम खळखळून हसल्या. "कनच्या! अगं, हे हॉस्पिटल आहे, तुझ्या बापाचं खळं नाही."

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. मॅडम हसल्या म्हणून दोन-चार नातेवाईकही हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'कनचा' पडलं. "ए कनचा, ट्रे आण." "कनचाला विचारा, तिला सगळं येतं."

नुसतं नाव असतं तर चाललं असतं. पण मी पेशंटजवळ गेले की त्या मागे येऊन उभ्या राहायच्या आणि माझी नक्कल करायच्या. स्टेथोस्कोप कानात घातला की पेशंटच्या नाडीऐवजी मला माझंच धडधडणं ऐकू यायचं. पट्ट्यातली हवा सोडून व्हायची आणि आकडा हाती लागलेला नसायचा. "किती आलं?" मी पुन्हा हवा भरायला घ्यायचे. "बहिरी पण आहेस का?" एकदा ट्रे हातातून निसटला, कापसाचे बोळे पलंगाखाली पसरले. मॅडमनी मला दंडाला धरून चादरींच्या कपाटाशी नेलं आणि राउंड संपेपर्यंत तिथेच उभं केलं. वॉर्डातल्या मावशी चादर काढायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, जरा सरक." तोवर मी आवरून धरलं होतं. त्या 'बाळा'ने सगळं फुटलं.

वाडीवरच्या आजीने मात्र माझी बाजू तिच्या पद्धतीने घेतली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी दुसऱ्या मुलीला तिच्याकडे पाठवलं, तर आजीने हात गोधडीत लपवला. "ती रडणारी पोरगी येऊ दे. तिचा हात गार लागतो, बरं वाटतं." माझा हात भीतीने गार पडलेला होता, हे तिला काय माहीत. पण त्यानंतर रोज तिचं बीपी मीच घेतलं, मॅडम चहाला गेल्या की.

माझ्या ग्रुपमध्ये एक मैत्रीण होती, उल्हासनगरच्याच कॅम्पमधली, सिंधी. तिलाही मॅडम सोडायच्या नाहीत. "तू गल्ल्यावर बस, तुझं इथे काय काम?" असं भर वॉर्डात म्हणायच्या. ती "जी मॅडम" म्हणून मोकळी व्हायची आणि जिन्यात आलो की पोट धरून हसायची. मला ते जमत नव्हतं.

"तू रो मत यार," ती म्हणाली. "रडलीस की त्यांना अजून जोर येतो."

"मग काय करू?"

"पहले खा." आणि तिने डबा उघडला. तिच्या आईच्या हातची कोकी, कांदा-मिरची घातलेली जाड पोळी, सकाळची असली तरी दुपारी तितकीच खमंग लागायची. ती एक तुकडा माझ्या हातात कोंबायची आणि तो संपेपर्यंत मॅडमचं नाव काढू द्यायची नाही.

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. कॉलेजातून बीपीचं मशीन मागून आणायचे आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातांवर सराव करायचे. बाबा अंबरनाथच्या कंपनीतून आले की तोंड धुवून ओटीवर बाही वर करून बसायचे. काकू यायची, शेजारची माणसं यायची. काकूला वाटायचं बीपी म्हणजे परीक्षा, आणि ती दर वेळी विचारायची, "पास झाले ना मी?" घरी माझा आकडा कधी चुकत नव्हता. वॉर्डात चुकत होता.

माझं बिंग फुटलं ते भलत्याच गोष्टीमुळे. जेवताना मी म्हणाले, "आई, मला थोडा भात वाढतेस का?" आईचा हात पातेल्यातच थांबला.

"काय झालं तुला?"

"काय झालं?"

"किती दिवस बघतंय. 'मला', 'वाढतेस का'. आमच्याशी पाव्हन्यासारखी कनाला बोलतंस?"

मला स्वतःला कळलंच नव्हतं. तो 'कनाला', घरचा 'कशाला', कानावर पडला आणि मी ताटावरच रडायला लागले. सगळं सांगितलं. बाबांनी भात तसाच टाकून हात धुतला. "उद्या दोन गाड्या भरून मानसं नेतो. बघतो कोन बाई हाय ती."

"तुम्ही जाल, भांडाल, परत याल," आई म्हणाली. "परवाला त्या बाईच्या म्होरं हिलाच उभं रावाचं हाय. बोलाचं तर हीच बोलंल."

"मी काय बोलू? माझं तोंडच उघडत नाही."

"मग उघडाची सवय कर. मी मॅडम. बोल."

आईने पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि जमेल तेवढा राग चेहऱ्यावर आणला. मी उभी राहून म्हणाले, "मॅडम, मला तुमच्याशी बोलायचंय." घाईत असल्यासारखी आई ओरडली, "काय हाय गो? येल नाय मना!" मी दचकले, माझा चेहरा पडला, आणि लगेच मॅडम म्हणाल्या, "आधी भात खा, नुसतीच उठलीस." बाबा हसले, मग मीही. आम्ही बरेच दिवस प्रयत्न केला, पण आईची मॅडम दुसऱ्या वाक्यापुढे कधी टिकली नाही. एकदा तर तिने मलाच जवळ घेतलं आणि म्हणाली, "जाऊंदे, माफ कर पोरीला." कोण कोणाला माफ करतंय, याचा पत्ता नव्हता.

मैत्रिणीने मात्र मॅडम हुबेहूब केली. कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर ती माझ्यासमोर उभी राहिली, चष्मा नसताना मॅडमसारखा चष्मा वर सरकवला आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर माझीच नक्कल करून दाखवली. पहिल्या दिवशी मी रडले. मग चिडले. मग एक दिवस असा आला, की ती काय करतेय तिकडे माझं लक्षच नव्हतं आणि माझं वाक्य पुरं झालं. तिने टाळी दिली. "बस. आता चल."

मॅडम डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये एकट्याच होत्या, सरावाच्या बाहुलीवरची चादर बदलत होत्या. मैत्रीण दारात थांबली, मी आत गेले.

"मॅडम, माझं चुकलं तर मला बोला. पण बाजूला घेऊन बोला, पेशंटसमोर नको. आणि माझ्या बोलण्याची नक्कल करू नका."

त्यांनी चादरीची कड ओढली. "म्हणजे आता तू मला शिकवणार?"

"नाही. मला तुमच्याकडून शिकायचंय. तुम्ही शीर शोधता तशी इथे कोणी शोधत नाही. पण तुम्ही मागे उभ्या राहून हसलात की मला काही ऐकू येत नाही, आणि मग पेशंटचा आकडा चुकतो."

"झालं? निघा दोघी."

बाहेर आल्यावर मैत्रिणीने मला पायरीवर बसवलं.

पुढचे काही दिवस मॅडम माझ्याशी बोलल्याच नाहीत. मला फक्त पलंगांच्या चादरी घालायचं काम मिळालं, इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही. मैत्रीण म्हणाली, "ऐसे थोडी चलेगा." मग ग्रुपमधल्या आम्ही सगळ्याच जणी व्हाइस प्रिन्सिपल मॅडमकडे गेलो. कोणी आवाज चढवला नाही. कोणासमोर काय घडलं, एवढंच एकेकीने सांगितलं. मला वाटलं होतं मी एकटीच आहे. पण वॉर्डात एरवी हसत असणाऱ्या दोघीजणीही बोलताना रडल्या. व्हाइस प्रिन्सिपल मॅडमनी ऐकून घेतलं आणि "बघते" म्हणाल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता काही होत नाही.

पण झालं. आमच्या वॉर्डात आणखी एक ट्यूटर यायला लागल्या. मॅडमनी माफी वगैरे मागितली नाही. एक दिवस फक्त हजेरी घेताना त्यांनी माझं खरं नाव घेतलं, आणि मला "हजर" म्हणायला उशीर झाला. काही दिवसांनी एका बाईला सलाईन लावायची होती. मॅडमनी माझं बोट धरलं, पेशंटच्या हातावर टेकवलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "डोळ्यांनी शोधू नकोस. दाबून सोड. उसळतंय?" उसळत होतं. "मग घाबरतेस कशाला." जीभ तीच होती, पण ते मला एकटीलाच ऐकू गेलं.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर कॉलेजात छोटा कार्यक्रम झाला, पालकांना बोलावलं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅडम समोरून येताना दिसल्या तशी आईने बाबांचा हात घट्ट धरला. मी ओळख करून दिली. मॅडम चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "तुमची मुलगी तोंडावर बोलते."

"व्हय," बाबा म्हणाले. "आयसवर गेलीय." ते आईकडे बघून हसले आणि त्याच दमात म्हणाले, "या एकदा चामटोलीला, जेवाला."

मॅडमनी मान हलवली. "येईन," म्हणाल्या. त्या कधी आल्या नाहीत, आणि आम्हीही पुन्हा बोलावलं नाही. मला अजून त्यांच्याबद्दल नेमकं काय वाटतं ते सांगता येत नाही. राग आहे, तो मी टाकून दिलेला नाही. पण त्या कुठे भेटल्या तर मी रस्ता ओलांडून जाणार नाही, थांबेन.

त्या दुपारी मैत्रिणीच्या घरी आम्ही सगळे जेवलो. तिची आई मराठी बोलत नाही आणि माझी आई हिंदी बोलते ती न बोललेलीच बरी. तरी दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा माझ्या आईच्या हाताला कणीक लागलेली होती आणि कोकी किती जाड लाटायची यावरून त्यांचं जोरात काहीतरी चाललं होतं.