क्युबेकच्या पत्राला मी दिलेलं उत्तर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बहिणीला फोनवर दोनदा सांगायला निघाले होते. दोन्ही वेळा इथल्या थंडीबद्दल बोलले आणि फोन ठेवला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

लंडनजवळ वॉटफर्डला शिकायला आले तेव्हा मी मिसेस हॉलिस यांच्या घरी वरची खोली घेऊन राहत होते. त्या सत्तरीच्या, एकट्या. मूलबाळ नाही, भाऊ युद्धात गेलेला. त्यांची आई क्युबेकची, माहेरची दूबोस्क. फार पूर्वी एतिएन दूबोस्क नावाचा एक फ्रेंच शिपाई कॅनडात गेला, त्याने नदीकाठी जमीन मिळवली आणि तिथून हे घराणं सुरू झालं. मिसेस हॉलिसना त्याचा माग काढायचा होता. खरं तर एतिएनचंही त्यांना फारसं काही नव्हतं. त्याच्या वंशातलं कुणीतरी अजून जिवंत असावं, एवढंच हवं होतं.

मला फ्रेंच येत होतं. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये संस्कृतऐवजी फ्रेंच घेतलं होतं. रविवारी जेवण झालं की त्या टेबल पुसायच्या, चर्चच्या जुन्या नोंदींच्या फोटोकॉपी पसरायच्या आणि मी वाचून दाखवायचे. बाप्तिस्मा, लग्न, दफन. पुन्हा बाप्तिस्मा.

एकदा त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे असतात का अशा नोंदी? मी म्हणाले, असतात की, आमचे पूर्वज पेशव्यांकडे कारकून होते. — कारकून! माझे पणजोबा गावातली मेलेली गुरं ओढून न्यायचे. आजोबांनी ते काम सोडलं, पुढे धर्मही सोडला आणि बौद्ध झाले. वडील पोस्टात लागले आणि पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं.

मिसेस हॉलिसना यातलं काय कळणार होतं? पण तोवर मला सवयच लागली होती. लंडनमध्ये वेम्बलीला मराठी कार्यक्रमांना जायचे, तिथे ताटात पुरी पडायच्या आधी प्रश्न यायचा, आडनाव काय तुमचं? मूळ गाव कुठलं? आमचं खरं आडनाव ऐकलं की समोरचं हसू तसंच राहतं, पण त्यामागचं काहीतरी निघून जातं. ते मी लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून इथे मी वाईकर झाले. गाव वाईजवळचं, म्हणजे पूर्ण खोटंही नाही— असं मनाशी म्हणायचे. वडिलांची पत्रं ‘जय भीम’ने सुरू होत. ती मी बॅगेत स्वेटरखाली लपवून ठेवायचे. ज्या घरात एकाही माणसाला देवनागरी वाचता येत नव्हतं, त्या घरात. कुणापासून लपवत होते मी?

मग ते पत्र आलं. चर्चकडे केलेल्या चौकशीवरून सेसील नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलेलं. एतिएनच्या घरात एक गुलाम मुलगी होती, तिथल्याच आदिवासींपैकी. तिचं मारी हे नावही चर्चने ठेवलेलं. तिला मुलगा झाला. नोंदीत बापाचं नाव नाही, पण बाप कोण ते गावाला माहीत होतं. मुलाने दूबोस्क हेच आडनाव लावलं. ‘मी त्या मुलाच्या वंशातली. मला काही नको. त्या घरातलं कुणी असेल तर मला दोन ओळी लिहाव्यात.’

मिसेस हॉलिस समोर चष्मा पुसत बसल्या होत्या.

“काय म्हणते?”

“सॉरी म्हणते. दूबोस्कांपैकी आता कुणी उरलेलं नाही.”

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तसं म्हणाले, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. ते खरं नाही. मला त्या सेसीलचा राग आला होता. जे मी जिवाचा आटापिटा करून लपवत होते, ते ही बाई स्वच्छ अक्षरात लिहून पाठवते? आणि वर नातं मागते?

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

सेसीलने वाट पाहून पुन्हा पत्र पाठवलं. सकाळी दारातलं टपाल मीच उचलायचे. या वेळी मी उत्तर दिलं. मिसेस हॉलिसच्या वतीने, कॉन्व्हेंटमधल्या नीटनेटक्या फ्रेंचमध्ये— ‘मादाम हॉलिस यांना अशा नात्यांत रस नाही.’ अशा. तो शब्द मी विचार करून घातला होता.

तिचं उत्तर एका ओळीचं होतं. ‘समजलं. आम्हाला याची सवय आहे.’

हे वाक्य मी आमच्या घरी ऐकलं होतं. पुण्यात एका घरमालकाने आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगितलं, त्या दिवशी वडील जेवताना आईला हेच म्हणाले होते. आवाज न चढवता.

त्या ख्रिसमसला मिसेस हॉलिसनी दूबोस्कांची फाईल सुतळीने बांधली. जेवताना घातलेली ख्रिसमसची कागदी टोपी डोक्यावर तशीच होती.

“कुणीही चाललं असतं मला, डियर,” त्या म्हणाल्या. “चोर, दरोडेखोर, कुणीही. आपलं म्हणायला एक माणूस हवं होतं, बस.”

दोन्ही पत्रं आणि ती एक ओळ वरच्या खोलीत होती, वडिलांच्या पत्रांबरोबर, त्याच स्वेटरखाली. तेरा पायऱ्या. मी त्यांच्या ताटात बटाटे वाढले.

दोन हिवाळ्यांनी त्या गेल्या. अंत्यविधीला आम्ही चौघं होतो. शेजारचे दोघं, पाद्री आणि मी. नात्याचं कुणी नव्हतं. सेसीलचा पत्ता माझ्याकडे आहे. मी तिला लिहिलेलं नाही.

मागच्या शनिवारी वेम्बलीत भाजी घेताना एका बाईंनी माझं मराठी ऐकलं आणि थांबून आडनाव विचारलं. मी सांगितलं. वाईकर.