चाकांपुढची लिंबं

गुरूची निवड हा माणसाच्या आयुष्यातला सर्वांत गंभीर निर्णय असतो. वालीवच्या चहाच्या टपरीवर एका बाईने तो चहात पाव बुडवता बुडवता घेतला. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली ही बाई मला रोज दिसायची. बाकावरून उठतानाही ती आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायची. तिला ट्रक चालवायचा होता.

एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एसी वर्ग होता आणि सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र मिळायचं. ती मात्र पत्र्याच्या शेडमधल्या मास्तरांकडे गेली. मी कारण विचारलं.

"पुढं काय, उतारावर ट्रक आपनच जातो. हे मास्तर मागं घ्यायला शिकवतात."

लायसन मिळाल्यावर एका मोठ्या कंपनीने तिला गणवेश, टोपी आणि वर्षभर क्लीनरची जागा देऊ केली. टपरीसमोरच्या बंद गल्लीतले शेठ म्हणाले, "हा ट्रक बाहेर काढ, नोकरी तुझी. भिंतीला घासलास तर घरी जा."

तिने शेठ निवडले.

ट्रकचं तोंड गल्लीच्या आत होतं. शेठनी हार घातला, नारळ फोडला आणि मुहूर्ताची लिंबं पुढच्या चाकांपुढे ठेवली. तिने ट्रक सुरू करताच अख्खी गल्ली ओरडू लागली, "डावीकडे काट, डावीकडे!"

"गप बसा रे, आरसे आहेत मला!"

एकाही भिंतीला न शिवता ट्रक मागे मागे येत थेट रस्त्यावर निघाला. शिट्ट्या झाल्या. शेठनी स्वतः टाळ्या वाजवल्या.

लिंबं होती तिथेच शाबूत राहिली. टपरीवाल्याने ती सरबतात पिळली.