घड्याळसर आणि तिसरी डिस्क

सर कुणाच्याही घरी गेले की खुर्चीत बसायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे. समोरच्या टेबलावर ते आपल्याकडे तोंड करून ठेवायचे आणि मगच "हं, बोल" म्हणायचे. आयटीआयमध्ये ते आम्हाला कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक शिकवायचे तेव्हाही हेच. मशीन सुरू व्हायला किती सेकंद लागले, प्रिंटरमधून पान बाहेर यायला किती लागले, सगळं वहीत. पोरांनी त्यांचं नाव घड्याळसर पाडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा हजेरी घेता घेता म्हणाले, "घड्याळसर म्हणा, काय बी म्हणा. पण 'मशीन लई स्लो हाय' असं माझ्यासमोर म्हणायचं न्हाय. किती स्लो, ते सांगायचं."

पुढे माझं लग्न एका फोटोग्राफरशी झालं. नवऱ्याचा स्टुडिओ कोल्हापूरच्या शाहूपुरीत, घर मंगळवार पेठेत. फोटो तो काढायचा. निवडणं, रंग सुधारणं, अल्बम लावणं हे घरी माझ्याकडे. फोटो साठवायला आम्ही वरच्या खोलीत एक सर्व्हर केला होता. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात चार डिस्क, आणि चौघी मिळून एक मोठी डिस्क असल्यासारखं काम करायच्या. चारांतली एक बंद पडली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं सगळं परत तयार करता येतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तेवढ्या भरवशावर आम्ही सगळ्या वर्षांची लग्नं त्यात टाकून निर्धास्त होतो.

एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. स्टुडिओत कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने चिकटलेले अल्बम पिशवीत घालून थेट आमच्या घरी यायला लागले. "ताई, आमचं लगीन तुमीच काढलंय की. असंल कुठंतरी?" असायचं. पण एक फोल्डर उघडायला सर्व्हर इतका वेळ घ्यायचा की माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर ताटकळत बसायची. नवरा म्हणाला, एक नवी वेगवान डिस्क जोडू. दुकानदार म्हणाला, मेमरी वाढवा. मी सरांना फोन केला. त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

"सर, सर्व्हर फार..." एवढं म्हणून मी थांबले. मग म्हटलं, "एक फोल्डर उघडायला सहा मिनिटं लागतात."

"आता कसं!" सर म्हणाले. "उद्या सकाळी येतो."

पहिल्या दिवशी त्यांनी कशालाही हात लावला नाही. एकच फोल्डर तीनदा उघडायला लावला आणि तिन्ही वेळा लिहून घेतल्या. मग वरच्या खोलीत जाऊन सर्व्हरलाच पडदा जोडून तोच फोल्डर उघडला. तेवढाच वेळ लागला. "म्हंजे खाली येणारी केबल निर्दोष हाय. सोडा तिला." नंतर मेमरी पाहिली. "अर्धी रिकामीच पडलीया. आणखी घालून काय करणार, लोणचं?" एका वेळी एकच गोष्ट तपासायची, दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, हा त्यांचा हट्ट. नवरा वैतागून स्टुडिओतला चिखल काढायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी चारही डिस्क वेगवेगळ्या वाचून पाहिल्या. पहिली, दुसरी आणि चौथी ठरवून दिलेला मजकूर नऊ सेकंदांत वाचायच्या. तिसरीला पन्नास लागले, मग सत्तर.

"ही एकच जागा धा-धा डाव वाचतीया, मग कुठं तिला गवसतंय," सर म्हणाले. "तंवर बाकीच्या तिघी हात बांधून उभ्या."

नवऱ्याने आणलेली नवी डिस्क कपाटात होतीच. मी ती घेऊन आले, तर सरांनी हात आडवा घातला. "दुसरी कॉपी कुठं हाय?"

"कसली कॉपी? एक डिस्क गेली तरी चालतं ना, सर?"

"एक गेली तर चालतंय. नवी भरताना दुसरी गेली तर?"

मग त्यांनी समजावलं. नवी डिस्क भरायला बाकीच्या तिघी दिवसभर नि रात्रभर सलग वाचाव्या लागतात. चौघी एकाच दिवशी आणलेल्या, एकाच वयाच्या. त्यांतली आणखी एखादी त्या ताणाने बसली, तर सगळंच जाईल. आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवायचे, मगच तिसरीला हात. या चालीने त्याला पाच दिवस लागणार होते.

मी चिडले. "सर, लोकांच्या घरात चिखल आहे. पाच दिवस मी त्यांना काय सांगू?"

"खरं हाय ते सांग."

त्यानंतर मी त्यांच्याशी धड बोललेच नाही. ते रोज सकाळी यायचे, बाहेरची डिस्क भरली असली तर बदलायचे, वहीत लिहायचे, दुपारी स्वतःचा डबा जिन्यात बसून खायचे. जिन्यात फोटोसाठी आलेली माणसं असली तर त्यांना भाकरी विचारायचे. तिसऱ्या दिवशी 'तात्पुरते' नावाचा एक मोठा फोल्डर समोर आला. वेळ वाचावा म्हणून सर म्हणाले, "तात्पुरतं म्हंजे निवडून झालेला गाळ. सोड ते." मीही मान हलवली. पाचव्या दिवशी कॉपी संपली. त्या दुपारी मी त्यांना घरात बोलावून ताट वाढलं.

मग तिसरी डिस्क काढून नवी बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी, नवी अर्ध्याहून जास्त भरली असताना, दोन नंबरची डिस्क खट्खट् वाजली आणि बंद पडली. चौघींचं मिळून जे एक होतं ते पडद्यावरून नाहीसं झालं. मी फरशीवर बसकण मारली. मी तुला सांगितलं होतं, असं सर म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि म्हणाले, "ऊठ. मोजू या. किती होतं, किती आलं."

संध्याकाळपर्यंत आम्ही मोजत होतो. सगळी लग्नं आली होती, एक सोडून. कबनूरच्या सविताचं लग्न. नवऱ्याने घाईत कॅमेऱ्यातून उतरवून 'तात्पुरते'मध्ये टाकलेलं आणि तिथेच राहिलेलं. सविताचा अल्बम पुरात गेला होता आणि ती दोनदा येऊन गेली होती. लग्नानंतर वर्षभरात तिचे वडील वारले होते. तिला त्यांचा एक फोटो हवा होता.

"फाईल खराब झाली असं फोनवर सांगते," मी म्हटलं.

"फाईल खराब झाली न्हाय. मी सोड म्हणालो."

"मान मीही हलवली होती, सर."

"तू शिकणारी, मी शिकवणारा. चल कबनूरला."

सविताच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग चालू होते. दारात उभं राहून काहीही बोललं तरी ऐकू जात नव्हतं. सर दोनदा हळू बोलले, मग शेवटी ओरडलेच, "चूक माझी हाय, बाई! तुमचे फोटो माझ्यामुळं गेले!" अख्ख्या गल्लीने ऐकलं. समोरची बाई खिडकीत आली. सविताने दार पूर्ण उघडलं.

"पावणं, आत या आधी," ती म्हणाली. "वरडू नका." आत चहा टाकताना पाठमोरीच तिने विचारलं, "माझ्या बापाचा एक बी ऱ्हायला न्हाय काय?"

"आणखी एक करून बघतो," सर म्हणाले. "हुईल असं म्हणत न्हाय."

आम्ही काढून ठेवलेली तिसरी डिस्क मंद होती, पण मेली नव्हती. ती काढल्यापासून बाकीच्यांवर नवीन काहीच लिहिलं गेलं नव्हतं. त्यामुळे पहिली, चौथी आणि ती तिसरी अशा तिघी जोडून जुनं काही वाचता येतंय का, हे सरांना पाहायचं होतं. तीन आठवडे ते रोज सकाळी आले. थोडं वाचायचं, डिस्क तापली की थांबायचं, टेबलफॅन लावून निववायची, परत थोडं वाचायचं. मी कंटाळून स्वयंपाकाला गेले तरी ते बसलेले असायचे. तीन आठवड्यांनी एक्केचाळीस फोटो हाती आले. त्यांतल्या चारांत सविताचे वडील होते. चौथ्यात छातीच्या खालचा सगळा भाग करडा झालेला.

आम्ही चारही छापून नेले. सविताने ते चटईवर ओळीने मांडले आणि करडा झालेला उचलला.

"ह्यात हसतोय त्यो," ती म्हणाली. "धोतार ऱ्हायलं न्हाय तर न्हाय."

परतीच्या एसटीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते.

नंतर त्यांनी सर्व्हर नव्याने लावून दिला. फोल्डर आठ सेकंदांत उघडायला लागला, तरी लोकांना ते सांगताना सर "आठ-नऊ" म्हणायचे. कारण एकदा नऊ लागले होते. महिन्यातल्या एका रविवारी ते यायचे आणि कॉपीतले कुठलेही दहा फोटो उघडायला लावायचे. "कॉपी हाय म्हणू नगंस. उघडून दाव." पुढे त्यांचे गुडघे गेले, जिना चढवेना. मग ते खाली कट्ट्यावर बसून मला वर पाठवायचे आणि मी वरून "उघडला!" असं दहा वेळा ओरडायची.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. चार दिवस दवाखान्यात होते, मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. आठवड्याने त्यांचा मुलगा घरी आला. तो पुण्याला नोकरीला असतो. शोकसभेसाठी मोठा फोटो हवा होता आणि त्याच्याकडे फक्त ओळखपत्रावरचा होता, कानावर निम्मा शिक्का आलेला. मी सर्व्हरवर सगळीकडे शोधलं. इतकी वर्षं फोटोग्राफरच्या घरी येणाऱ्या माणसाचा आम्ही एकही फोटो काढला नव्हता. मी त्याला तसं सांगितलं आणि ओळखपत्र स्कॅनरवर ठेवलं.

मी शिक्क्याची शाई पुसत असताना तो शेजारी बसून होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, बाबा तुमच्याकडं येऊन नेमकं काय करायचे? घरी कधी सांगितलं न्हाई त्यांनी."

मी हातातलं काम बाजूला सारलं आणि पुराआधीचा, सरांनी वाचवलेला एक फोल्डर उघडला. हळद लावलेले हात, अक्षता उडवणारी माणसं, पंगतीत वाढणाऱ्या बायका. मग दुसरा उघडला, मग तिसरा. तो पडद्याकडे वाकून एकेक चेहरा बघत होता.

"यातलं बाबांच्या ओळखीचं कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आणखी दाखवा की."