न गळणारं तळं

आमच्या भाऊजींना सगळा भाग गळतीवाले म्हणून ओळखतो. कुणाचं छत पाझरू दे, कुणाच्या भिंतीला ओल येऊ दे, हाक यायची ती यांनाच. "अहो, गळतंय!" एवढं ऐकलं की हे ताटावरून उठून थापी घेऊन निघायचे. जन्मभर ओलीशी वैर केलं या माणसाने. स्वभावही तसाच, कोरडा ठणठणीत. माझ्या ताईशी इतकी वर्षं संसार केला, पण "दमलीस का गं?" असं त्यांनी कधी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मी मेहुणी, मला तोंडावर बोलायचा हक्क आहे आणि मी तो वापरते. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं मी म्हणायचे. ते हसायचे आणि जवळची भिंत बोटाने ठोकून बघायचे.

मग ताई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, मी मदतीला तिच्याकडे राहायला आले. डॉक्टर म्हणाले, आता चालायलाच हवं, आत्ता उठल्या नाहीत तर पुढे उठवणार नाही. पण बाईसाहेबांनी न उठायचंच ठरवलेलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी पलंग, शेजारी नवाकोरा वॉकर, आणि त्या वॉकरवर हिने टॉवेल वाळत घातलेला.

"उठून काय करू गं? उठण्यासारखं आहे काय?" ती म्हणायची. मला तिचा राग यायचा, आणि रागाखाली भीती असायची.

दुपारी औषधाची गुंगी चढली की मात्र ती बोलायची. आमच्या लहानपणच्या घरामागे एक ओढा होता, त्याच्याबद्दल. डोळे अर्धे मिटलेले, आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा. "काठावर पाय ठेवला की बोटांमधून पाणी वर यायचं, आठवतं? नेचे पोटऱ्यांना लागायचे. वेखंडाचं पान चुरगळून तू माझ्या नाकाशी धरायचीस." पडद्यातून आलेला उजेड भिंतीवर हलत राहायचा. मला वास यायचा, खरंच यायचा. त्या वेळी आम्ही दोघी त्या खोलीत नसायचोच.

भाऊजी दारात उभं राहून ऐकायचे. "आत या की, तिकीट नाही लावलेलं," मी एकदा म्हटलं. ते मागच्या अंगणात गेले आणि खणायला लागले.

तळं पलंगाएवढंच, पण काम बघावं. सिमेंटचा थर, त्यावर त्यांचं ते खास रसायन, पुन्हा थर, घोटून घोटून ताटासारखं गुळगुळीत. पाणी भरून त्यांनी काठाला पेन्सिलीने रेघ मारली, आणि रोज सकाळी ती वाकून पाहू लागले. पाणी आपलं रेघेला धरून होतं.

झाडं आणायला आम्ही दोघं रोपवाटिकेत गेलो. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, "काठावर लावायची ना? मग ओल आवडणारी घ्या."

"ओल आवडणारी?" भाऊजींनी असं विचारलं, जणू घरात चोर ठेवून घ्यायला सांगितलंय.

"हो. यांचे पाय कायम ओले लागतात."

मी ओढा आठवून आठवून निवडलं. नेचे, वेखंड, लव्हाळा, पिवळी कर्दळ. भाऊजी अळूपाशी थांबले होते. पानावर पाणी शिंपडत होते. थेंब गोळा व्हायचा, घरंगळायचा, पान कोरडं. पुन्हा शिंपडायचे. "हे काम बघ," हलक्या आवाजात मला म्हणाले, "मला असं कधी जमलं नाही. हे घेऊ."

काठ हिरवा झाला तशी ताईने उशी खिडकीकडे वळवली. पाण्यावरचा उजेड आता तिच्या छतावर हलायचा. ती तासन् तास त्याच्याकडे बघत पडायची. एक दिवस म्हणाली, "कर्दळीला फूल आलं की येईन बाहेर." भाऊजींनी ऐकलं आणि त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

आणि मग झाडांनी माना टाकल्या. आधी नेचे करपले, मग वेखंड पिवळं पडलं, कर्दळीची पानं सुरळी होऊन बसली. पाणी आम्ही घातलं नव्हतं. तळ्याकाठच्या झाडाला पाणी कोण घालतं? ताईने उशी परत भिंतीकडे केली.

मी मातीत बोट घातलं. नुसती धूळ.

"भाऊजी, तुमचं तळं गळत नाही."

"गळेल कसं?" ते ताठ झाले.

"अहो, म्हणूनच मरतायत ही! ओढ्याचा काठ झिरपतो. तुम्ही तळं नाही केलं, बरणी केलीत."

ते काठाशी उकिडवे बसले आणि त्यांनीही मातीत बोट घातलं. आतून ताईचं गुंगीतलं बोलणं येत होतं, बोटांमधून पाणी वर यायचं, बोटांमधून. भाऊजी उठले आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले. आधी त्यांनी काठची माती उकरून खाली जुनं प्लास्टिक अंथरलं, पाणी पार खोल जाऊ नये म्हणून. मग छिन्नी स्वतःच्या कामावर टेकवली, आणि त्या गुळगुळीत कडेवरून एकदा तळवा फिरवला.

"कोरडं ठेवलं म्हणजे घर सांभाळलं, असं वाटायचं मला," ते म्हणाले. मग घाव घातला.

दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तो मी त्या दुपारी पाहिला.

नेचे गेले ते गेलेच. बाकीची हळूहळू सावरली, सगळ्यात आधी अळू. वरून थेंब टिकू देत नाही, पण मुळाशी याला चिखलच लागतो. "जोडी शोभते तुमची," मी भाऊजींना म्हटलं. जेवढं झिरपेल तेवढं पाणी ते रोज सकाळी कळशीने भरायचे.

एकदा असंच धुकट उजाडलेलं. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो आणि मागून हाक आली.

"अहो, गळतंय!"

भाऊजी सवयीने उठले, थापी उचलली, आणि तसेच थांबले. हाक खोलीतून आली नव्हती.

धावलो. ताई तळ्याच्या काठावर उभी होती, वॉकर धरून, त्याच्यावरचा टॉवेलही तसाच. पावलं घोट्यापर्यंत चिखलात. कर्दळीला अजून नुसती कळीच होती.

"फूल कुठे आलंय?" मी म्हटलं.

"त्याची वाट कोण बघत बसतंय?" ती म्हणाली. ती आपल्या बोटांकडे बघत होती.

भाऊजींनी थापी खाली ठेवली, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी चिखलात जाऊन उभे राहिले. वॉकरवरच्या तिच्या हाताखाली त्यांनी आपला हात दिला.

"दमलीस का गं?"

"हो," ताई म्हणाली. "केव्हाची."