आमचे मिस्टर

फिनेलचा वास आला की मला जालन्याच्या दवाखान्यातली ती खिडकी आठवते. उसाची ट्रॉली उलटून आमचे हे जखमी झाले, लोकांनी त्यांना परस्पर जीपमध्ये घालून तिकडं नेलं, अन् मी मागून एकटीच पोचले. "कोण पाहिजे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. "आमचे मिस्टर." इंग्रजीत म्हणे हा शब्द कुणाही पुरुषाला लावतात, पण आम्हा बायांनी तो नवऱ्यासाठीच ठेवून घेतला, कारण नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडं मानायचे. "अहो बाई, आत पडलेले सगळे कुणाचे ना कुणाचे मिस्टरच हैत! नाव सांगा, जल्दी." आतून कुणीतरी कण्हत होतं, मागची माणसं ढकलून राह्यली होती. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मी डोळे मिटले अन् उखाण्याबिगर, नुसतंच नाव घेतलं. मंग कुठं त्यांची खाट सापडली. त्याच आठवड्यात ते गेले. घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "दवाखान्यात नाव कुणी सांगितलं गं?" माझ्याशिवाय होतं कोण तिथं? आता नातसून स्वयंपाकघरातून नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारते. चांगलंच आहे, मी तिला कधी अडवत न्हाई. पण तो बाहेरून ओ देईपर्यंत माझा घास हातातच राहतो.